पंडितेच्या केडगावात

केडगावला जायचंय असं म्हटलं की आमच्या नगरकडची माणसं आधी विचारतात, "आपलं की दौंडकडचं?" नगर शहराला लागून एक केडगाव आहे आणि पुणे-दौंड रेल्वेमार्गावर दुसरं. मला दुसऱ्या केडगावला जायचं होतं. पुण्याहून सकाळची डेमू धरली. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी करत गाडी यवतच्या पुढे गेली की शहर मागे पडतं. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं पाणी या भागात आल्यापासून रुळांच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो. मधूनमधून गुऱ्हाळाचा धूर दिसतो, पाकाचा गोड, किंचित जळका वास डब्यात शिरतो. समोरच्या बाकावर नारायण महाराजांच्या बेटाला निघालेलं एक कुटुंब बसलं होतं, पिशवीत नारळ आणि दत्ताला घालायचा हार. "तुम्हीपण बेटावर का?" त्यांतल्या आजींनी विचारलं. मी म्हटलं, "नाही आजी, मुक्ती मिशनमध्ये." "पंडिता रमाबाईंच्या," त्या लगेच म्हणाल्या आणि बसायला मला आणखी थोडी जागा करून दिली.

जाण्याला कारण होतं. पुण्यातल्या आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर प्रौढांचा शास्त्राभ्यास असतो, तो मी घेते. सध्या करिंथकरांस पहिलं पत्र चालू आहे. पहिल्याच अध्यायात पौल जगाच्या ज्ञानाला देवापुढे मूर्खपणा ठरवतो आणि शहाण्यांना लाजवायला देव मूर्खांना निवडतो असं म्हणतो. तिथे वर्गाचे दोन तट पडले. एक काका, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "रमाबाईंकडे बघा. एवढी मोठी पंडिता, पण सगळं पांडित्य प्रभूच्या पायाशी टाकलं तेव्हाच आयुष्याचं सोनं झालं. देवाला पुस्तकं लागत नाहीत." त्यावर सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी एक मुलगी म्हणाली, "टाकलं कुठे, काका? उलट उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या." दोघांनीही साक्षीला एकाच बाईंना उभं केलं होतं. ते माझ्या मनातून जाईना. माझी पणजी मुक्तीतच वाढली, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता वर्गापुरता राहिला नव्हता.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष ओढवून घेतला, पण ते मागे हटले नाहीत. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. पुढे हे कुटुंब तीर्थातीर्थांवर पुराण सांगत देशभर पायी हिंडलं. भागवत मुलीच्या तोंडपाठ. मग 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. त्या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत जे लिहून ठेवलं, ते वाचताना माझा घसा आजही दाटतो. भीक मागायची किंवा मोलमजुरी करायची तर विद्येचा आणि कुळाचा अभिमान आड येत होता, आणि पोट भरायची दुसरी कुठली कला कुणाला शिकवलेली नव्हती. हजारो श्लोक जिभेवर असलेलं घर उपाशी मरत होतं.

वाचलेली दोन भावंडं, रमाबाई आणि श्रीनिवास, चालत चालत कलकत्त्याला पोहोचली. तिथे 1878 मध्ये विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. माणसाच्या विद्येनं एखाद्या स्त्रीला त्या काळात जेवढं उंच नेता येईल तेवढं नेलं. मग 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न झालं, 1881 मध्ये मनोरमा जन्मली, 1882 मध्ये पटकीनं नवरा गेला. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली आणि 1883 मध्ये वैद्यकीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेल्या. कानानं कमी ऐकू येऊ लागल्यामुळे ते शिक्षण राहिलं.

केडगाव स्टेशनपासून मुक्ती मिशन जवळच आहे. आत शिरल्यावर जाणवते ती झाडांची दाट सावली आणि मुलींचा आवाज. शाळेची घंटा नुकतीच झाली होती. रमाबाईंनी ही जागा घेतली तेव्हा इथे सुमारे शंभर एकर उघडं रान होतं. फळबाग लावून विधवांसाठी काढलेल्या आपल्या शारदा सदनाचा खर्च भागवावा असा त्यांचा हिशेब होता. शारदा सदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत उघडलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. 1893 मध्ये तिथल्या मुली बायबल वाचतात, प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात मोठं वादळ झालं आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या बाईला ती हाडं ओळखायला वेळ लागला नसेल. 1900 च्या सुमारास इथे दीड हजारांवर माणसं राहत होती.

माझी पणजी त्या मध्य प्रांतातल्या मुलींपैकी. तिला आपलं गाव नीट सांगता येत नसे. नदी मोठी होती, एवढंच ती सांगायची.

देवळात (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) सकाळची प्रार्थना संपत आली होती. मोठं दालन, बायका-मुली खाली ओळीनं बसलेल्या, पेटी आणि टाळांवर 'उपासना संगीता'तलं गीत. माझ्या शेजारी एक मावशी होत्या, पांढरं लुगडं, हातात पुस्तक नाही. गीताचं प्रत्येक कडवं त्यांना पाठ. नंतर बाहेर कट्ट्यावर बसलो. त्यांनी माझी चौकशी केली, पणजीचं ऐकल्यावर माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मुलींची भांडणं मिटवायचं काम या मावशींकडे येतं, हे मला एका शिक्षिकेनं सांगितलं होतं. मी विचारलं, "मावशी, कोण खरं बोलतंय हे तुम्हाला कसं कळतं?"

"मला काय कळतंय गं बाई," त्या म्हणाल्या. "मला वाचतासुद्धा येत नाही. दोघींचं ऐकते. मग म्हणते, आता जा, उद्या या. रात्री त्याला विचारते. सकाळी दोघींचं परत ऐकते. पहिल्या दिवशी मीच कुणाची तरी बाजू घेतलेली असते, ती रात्रीतून सुटते."

"आणि त्यानं काही सांगितलं नाही तर?"

"तर अजून एक दिवस थांबायचं. भांडण काय, शिळं झालं तर बिघडतं थोडंच?"

याकोबानं आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वरून येणाऱ्या ज्ञानाची ओळख दिली आहे. ते निर्मळ असतं, शांती करणारं असतं, दुसऱ्याचं ऐकून घेतं, त्यात दया असते आणि पक्षपात नसतो. वर्गात मी या ओळी कितीदा समजावून सांगितल्या असतील. त्या कट्ट्यावर मला त्या चालत्याबोलत्या दिसल्या. शलमोनानं गिबोनात देवाकडे धन किंवा दीर्घायुष्य न मागता लोकांचा न्याय करायला समजदार मन मागितलं, आणि पुढची गोष्ट दोन भांडणाऱ्या बायकांचीच आहे. त्या न्यायाची गोष्ट मावशींनी कुठे वाचलेली नाही. त्या फक्त मागतात आणि मिळेपर्यंत थांबतात.

हे पाहून काकांचं म्हणणं खरं, पुस्तकं नकोतच, असं म्हणून मी परत फिरू शकले असते. पण रमाबाईंची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ख्रिस्ती लोक ती सांगताना एक टप्पा नेहमी गाळतात. हिंदू शास्त्रांचं ज्ञान अपुरं पडलं, मग त्यांना ख्रिस्त सापडला, असं आपण दोन वाक्यांत उरकतो. प्रत्यक्षात काय झालं? इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनी-संघातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथे भगिनी मायेनं जवळ करत होत्या. हे कशाच्या जोरावर, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली गेली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतरची वर्षं त्यांनी वाद घालण्यात घालवली. भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्रैक्य, मतांगीकार, चर्चचा अधिकार, एकेका मुद्द्यावर ही बाई अशी भांडते की तिच्या वडिलांना अभिमान वाटला असता. मलाही वाटतो. गोऱ्या भगिनींनी सांगितलं म्हणून मान हलवणं तिला जमणारं नव्हतं.

मात्र आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हाती ख्रिस्ती धर्म आला आहे, ख्रिस्त आलेला नाही. हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे. विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्या वाचत होत्या. हा पाळक स्वतः उपदेश करत असताना पालटला होता. ते वाचताना त्यांना आपलं दारिद्र्य दिसलं. ख्रिस्ती शास्त्राचा एवढा अभ्यास, एवढा युक्तिवाद, आणि तोही शेवटी माणसाच्या कमाईचाच निघाला. मला वाटतं आमच्या वर्गात दोन्ही तटांनी हेच पाहिलेलं नाही. पौल ज्याला जगाचं ज्ञान म्हणतो ते काही दुसऱ्या धर्माच्या पोथ्यांत बंद नाही. ते माझ्या कपाटातल्या भाष्यग्रंथांतही असू शकतं, माझ्या रविवारच्या वर्गातही असू शकतं. आपल्याला कळलं म्हणजे आपण पोहोचलो असं ज्या ज्ञानामुळे वाटतं, ते सगळं त्यात आलं. पौल अथेन्समध्ये तत्त्वज्ञांशी बोलून मग करिंथात गेला होता, गमालिएलाच्या पायाशी शिकलेला होता. विद्या म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस हे लिहीत होता.

मग रमाबाईंच्या विद्येचं पुढे काय झालं? याचं उत्तर छापखान्यात आहे.

बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा होतंच. पण ते आपल्या मुलींना, खेड्यातून आलेल्या बायकांना कळत नाही, असं रमाबाईंना दिसलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळातून, सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल पुन्हा उतरवायला घेतलं. जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललं. एका माणसानं, त्यातही एका स्त्रीनं, सबंध बायबल भाषांतरित करणं ही जगातच दुर्मीळ गोष्ट आहे. छापखाना मुक्तीतला, आणि खिळे जुळवायला मुक्तीतल्या मुली. देवनागरी खिळे, आणि अभ्यासाच्या साधनांसाठी हिब्रू-ग्रीक खिळेसुद्धा.

पणजी त्या जुळाऱ्यांपैकी. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातानं पेटीतल्या खणातून शिशाचा खिळा उचलायचा, अंगठ्यानं दाबून बसवायचा. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. जुळवलेली ओळ आरशातल्यासारखी उलटी दिसते, जुळारी तीच वाचायला शिकतो. आजी सांगायची, पणजीला छापलेलं पान खालचं वर धरलं तरी वाचता यायचं, आणि म्हातारपणी नातवंडांना गंमत म्हणून ती तसं वाचून दाखवायची. तिच्याकडची मुक्तीची प्रत आता माझ्याकडे आहे. पुठ्ठा सुटलेला, नीतिसूत्रांच्या पानांना तेलाचे डाग, समासात शिसपेन्सिलीच्या लहान लहान रेघा. शब्द एकही लिहिलेला नाही, फक्त रेघा. ही प्रत मी सोबत नेली होती. मावशींच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती उघडली नाही, कपाळाला लावली आणि परत दिली.

ज्या मुलीला आपल्या गावाचं नाव सांगता येत नव्हतं, तिच्या बोटांतून यशया आणि ईयोब गेला. आणि कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटलं, ती आपलं वाक्य अशा मुलीला कळतंय का हे बघून पुन्हा लिहीत होती. पांडित्य टाकलं नव्हतं. त्याची मालकी बदलली होती.

इथे 1905 सालाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत झालेल्या संजीवनाच्या बातम्या आल्या, आणि मुक्तीतल्या शेकडो मुली रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनअखेर जे घडलं त्याची वर्णनं मुक्तीतल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवली आहेत. रात्री एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, असंही त्यांत आहे. मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, मोठ्यानं प्रार्थना करत होत्या. अशा वर्णनांतली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घ्यावी असं माझं म्हणणं नाही. भावनेच्या लाटेत पुष्कळ काही वाहून येतं, आणि पौलानं त्याच करिंथकरांना आत्म्याच्या नावानं होणाऱ्या गोंधळाबद्दल खडसावलेलं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते रमाबाईंचं वागणं. त्यांनी या मुलींना गप्प केलं नाही. वाँटेजला बिशपांच्या मतांना आव्हान देणारी बाई इथे आपणच वाढवलेल्या, जेमतेम अक्षर येणाऱ्या पोरींमध्ये बसून राहिली, आणि देव आपल्याआधी यांच्याशी बोलू शकतो हे तिनं मान्य केलं. त्याच काळात भाषांतराचं रोजचं काम चालूच होतं. सकाळी प्रार्थनेचा कल्लोळ आणि दुपारी हिब्रू क्रियापदं. दोन्हींपैकी एक निवडायला तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं निवडलं नाही.

मनोरमा 1921 च्या जुलैमध्ये वारली. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात, मुक्तीचा पुढचा सगळा भार जिच्यावर टाकायचा ती. रमाबाईंची मुद्रितं तपासायची राहिली होती. शेवटच्या आजारात त्यांनी काम पुरं करायला देवाकडे दहा दिवस मागितले आणि शेवटचं मुद्रित तपासून झाल्यावर त्यांचा प्राण गेला, असं मुक्तीत सांगतात. तारीख 5 एप्रिल 1922. त्यांनी देवाला मुलगी का नेली असं विचारलं असेल का? विचारलं असणार. सगळं जग फिरलेली, चार-पाच भाषांत विचार करणारी बाई ती. पण त्या शेवटच्या महिन्यांत तिच्याकडून झालं ते काम असं: बायबलच्या ओळी मराठीत बरोबर उतरल्या आहेत ना, ते बघणं. या ठिकाणी माझी सगळी विवरणं थांबतात. अशी स्थिरता कुठल्याही अभ्यासक्रमातून येत नाही, हे मी दोन पदव्या घेतलेली बाई मनापासून सांगते.

दुपारी मावशींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग दौंडला गाडी बदलली आणि नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचं, निघाले. दौंड सोडलं की भीमेचा पूल, मग काष्टी, बेलवंडी, विसापूर. ऊस कमी होतो, माळ सुरू होतो.

या प्रदेशातून जाताना नारायण वामन टिळक आठवतात. त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं तेही आगगाडीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपियन माणसानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोहोचले आणि तिथून त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे नगरला डॉ. ह्यूम यांच्याकडे धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवलं. कवी, वक्ता, संस्कृतचा जाणकार. पण नगरला उतरताना माझ्या मनात त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त होत्या.

लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या काही वर्षं दूर राहिल्या, आणि नंतर एकत्र आल्यावरही स्वतःचं सोवळं, स्वतःचं वेगळं पाणी सांभाळत राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. महाराष्ट्रातला हा एवढा मोठा वक्ता घरात होता, आणि जातीच्या प्रश्नावर त्याच्या बोलण्यानं जे झालं नाही, ते या बाईच्या स्वतःच्या डोक्यात विचार करता करता झालं. देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या, असं त्यांना आतून उमगलं, आणि त्यांनी ठरवलं की आता कुणाच्याही हातचं खायचं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना तो प्रसंग आला की मी अजून थांबते. तिथे कुठला ग्रंथ नाही, कुणाचं प्रवचन नाही. त्यानंतर 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, विद्वान कवीचं स्वप्न. ते पुढे लिहायला लक्ष्मीबाई बसल्या. आयुष्यभर त्यांचं लिहिणं शुद्धलेखनाच्या नियमांशी झगडत होतं, तरी त्या अध्यायामागून अध्याय लिहीत गेल्या. नगरच्या स्टेशनावर मला घ्यायला माझा भाचा आला होता. धर्मशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रबंधाचा विषय शोधतोय. रिक्षात बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "मावशी, एखादा चांगला विषय सुचव ना."

मी म्हटलं, "लक्ष्मीबाईंचं ख्रिस्तायन घे. पण आधी एक महिना नुसतं वाच, टिपणं काढू नकोस."

तो म्हणाला, "नुसतं म्हणजे?"

"संध्याकाळी आजीला वाचून दाखव," मी म्हटलं. "आणि तिला काय वाटतं ते ऐक."